स्टीलच्या स्कूबा टाकीची दाबचाचणी: पहिल्या पाहणीपासून खांद्यावरच्या ठशापर्यंत

पाण्याखाली श्वासासाठी हवा भरून नेतात ती स्टीलची टाकी दाबचाचणीत ‘पास’ झाली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाब भरूनही ती फुटली नाही, असा बहुतेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. फुटणं ही शेवटची पायरी. चाचणी त्याच्या बरीच आधीची गोष्ट मोजते: दाबाखाली टाकी किती फुगली आणि दाब सोडल्यावर किती मूळ मापावर परत आली. फुगणं स्वाभाविक आहे, प्रत्येक टाकी फुगते. परत न येणं हा दोष.

टाकीत तीन वेगवेगळे बिघाड होऊ शकतात आणि प्रत्येकाला पकडणारी तपासणी वेगळी आहे. आगीत किंवा भट्टीत तापून स्टील मऊ पडलं असेल, तर टाकी फुगल्यावर पूर्ण परत येत नाही. हे ‘कायम प्रसरण’ दाखवतं. पत्रा सगळीकडून सारखा झिजून पातळ झाला असेल, तर टाकी परत येते, पण आधी जास्त फुगते. हे ‘लवचीक प्रसरण’ दाखवतं. तिसरा बिघाड म्हणजे गंजाने एकाच जागी पडलेला खोल खड्डा. तो या दोन्ही आकड्यांत जवळपास दिसतच नाही, कारण बारा लिटरच्या टाकीत मुगाएवढ्या जागेचा पत्रा पातळ झाल्याने एकूण फुगण्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. तो फक्त उजेड आणि डोळ्यालाच सापडतो. म्हणून आतून-बाहेरून पाहणी न करता केलेली दाबचाचणी अर्धवट आहे, आकडे कितीही चांगले येवोत.

पुढची माहिती टाकीमालक, टाक्या भरणारे आणि चाचणी शिकणारे, सगळ्यांसाठी आहे. प्रत्यक्ष चाचणी आणि ठसा हे मात्र अधिकृत परवाना असलेल्या केंद्राचंच काम आहे. घरगुती पंप लावून हा प्रयोग करू नये.

आधी खांदा वाचा

टाकीच्या वरच्या गोलाईवर, म्हणजे खांद्यावर, तिची सगळी ओळख कोरलेली असते. अमेरिकी बनावटीच्या टाकीवर ‘डीओटी ३एए’ (डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं) आणि पुढे दाबाचा आकडा दिसेल, उदाहरणार्थ २२५० किंवा २४००. ३एए म्हणजे मिश्रधातूच्या स्टीलची, जोड नसलेली टाकी. स्कूबामध्ये हे स्टील बहुतेक वेळा क्रोम-मॉलिब्डेनमचं असतं. तो आकडा म्हणजे पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) कामाचा दाब, म्हणजे टाकी नेहमी भरायचा दाब. ३एए टाकीचा चाचणीदाब कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश असतो: २२५० साठी ३७५० पीएसआय (सुमारे २५९ बार; एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा), २४०० साठी ४००० पीएसआय (सुमारे २७६ बार). काही उच्च दाबाच्या टाक्या ३एएमध्ये न बसता खास परवान्याखाली बनलेल्या असतात. त्यांना पाच-तृतीयांशाचं गणित डोळे झाकून लावू नये. त्यांचा चाचणीदाब त्यांच्या परवान्यातच पाहायचा.

युरोपीय टाकीवर हे काम सोपं आहे, कारण दोन्ही दाब थेट कोरलेले असतात. ‘पीडब्ल्यू’ म्हणजे कामाचा दाब आणि ‘पीएच’ म्हणजे चाचणीदाब, दोन्ही बारमध्ये. इथे गुणोत्तर दीड पटीचं आहे: २३२ बारला ३४८, ३०० बारला ४५०. जुन्या टाक्यांवर अक्षरं थोडी वेगळी असतात, पण दीड पटीची जोडी ओळखता येते.

आकड्यानंतर अधिकचं चिन्ह (+) दिसलं, तर त्या टाकीत दहा टक्के जास्त दाब भरायला परवानगी आहे. २४०० ची टाकी २६४० पीएसआयपर्यंत. पण हा अधिकार कायमचा नसतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. कारखान्यातल्या पहिल्या तारखेपुढचं अधिकचं चिन्ह पुढच्या चाचणीपर्यंतच चालतं. त्या चाचणीत लवचीक प्रसरणाची मर्यादा तपासून नव्या तारखेपुढे पुन्हा चिन्ह कोरलं नाही, तर टाकी मूळ दाबावर परत येते. या जादा भरण्यासाठी व्हॉल्व्हवरची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला तर स्वतः फुटून हवा सोडणारी चकती) हीसुद्धा वितळणाऱ्या धातूचा आधार नसलेली आणि चाचणीदाबाच्या आत फुटणारी असावी लागते.

मुदतीचा हिशेब देशागणिक बदलतो. अमेरिकेत दाबचाचणी दर पाच वर्षांनी. काही औद्योगिक सिलिंडरांना तारा कोरून मिळणारी दहा वर्षांची सवलत पाण्याखाली वापरायच्या टाक्यांना मिळत नाही. तिथे दरवर्षी होणारी आतली पाहणी हा कायदा नसून डायव्हिंग क्षेत्राची शिस्त आहे, आणि ती पाळली पाहिजे. ब्रिटनमध्ये दाबचाचणी पाच वर्षांनी आणि पाहणी अडीच वर्षांनी. अमेरिकी नियमात मुदत संपण्याआधी भरलेली टाकी वापरून रिकामी करता येते, मात्र मुदतीनंतर पुन्हा भरता येत नाही. तारखेची मांडणीही सारखी नसते. अमेरिकी ठशात महिना आधी आणि वर्ष शेवटी, आंतरराष्ट्रीय पद्धतीत वर्ष आधी आणि महिना नंतर. ‘०९’ आणि ‘११’ असे दोन आकडे शेजारी दिसले, की कुठल्या पद्धतीची टाकी आहे हे पाहूनच अर्थ लावा.

रिकामी करणं आणि व्हॉल्व्ह काढणं

व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा सावकाश सोडा. झपाट्याने सोडली तर टाकी थंड पडते आणि धातूवर दव धरतं. हिस्स आवाज थांबला म्हणजे टाकी रिकामी झालीच असं नाही. आतल्या गंजाच्या पापुद्र्याने व्हॉल्व्हची नळी बुजली असेल, तर चाक पूर्ण उघडूनही हवा बाहेर येत नाही आणि टाकी मात्र भरलेली असते. शंका आली तर कमी दाबाची थोडी हवा व्हॉल्व्हमधून आत ढकलून पाहा. ती आत गेली आणि लगेच परत बाहेर आली, तर वाट मोकळी आहे. आत जातच नसेल, तर पान्याला हात लावू नका.

तळाला चढवलेला बूट, जाळी, पट्टे, स्टिकर सगळं उतरवा. जोडटाक्या असतील तर मॅनिफोल्ड (दोन्ही टाक्या जोडणारी नळी) आणि बँड काढून दोन्ही वेगळ्या करा. चाचणी प्रत्येकीची स्वतंत्र. टाकी पक्की धरून व्हॉल्व्ह फिरवा. समांतर आट्यांचा व्हॉल्व्ह सुरुवातीचा ताण सुटला की हाताने फिरला पाहिजे. फिरताना सतत जड लागत असेल, तर आत दाब आहे असं समजून थांबा.

उजेड, आरसा आणि गंजाचा रंग

बाहेरून पाहताना सर्वांत जास्त वेळ बुटाखाली घालवा. रबरी किंवा प्लास्टिकच्या बुटात खारं पाणी अडकून राहतं आणि रंग तिथेच आधी फुगतो. फुगलेला रंग खरवडल्याशिवाय खालचा पत्रा कळत नाही. पट्ट्याखालची जागा आणि व्हॉल्व्हभोवतीची मान यानंतर. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीवर पांढरी भुकटी दिसली तर जस्त आपलं काम करतंय. लालसर डाग दिसले तर जस्त संपून गंज स्टीलपर्यंत पोचला आहे.

काही खुणा दिसल्यावर पुढे जायचंच नसतं. वेल्डिंगच्या ठिणगीची किंवा विजेच्या तारेच्या स्पर्शाची जळकी खूण ही त्यातली एक. तिथे छोट्या जागेत स्टील वितळून झटकन थंड झालेलं असतं आणि ठिसूळ होतं. करपलेला रंग, वितळलेलं प्लास्टिकचं चाक, जळका बूट ही आगीची चिन्हं. ३एए टाकीचं स्टील पाण्यात किंवा तेलात विझवून मग साधारणपणे किमान ५३८ अंश सेल्सिअसवर पुन्हा तापवलेलं असतं. तिची ताकद या क्रियेतून येते आणि आगीत ती निघून जाऊ शकते. खोल ओरखडे, धारदार पोचा आणि बाहेर आलेला फुगवटा हेही नापासाचे मुद्दे.

आत पाहण्यासाठी मानेतून जाणारा लांब, बारीक एलईडी दिवा आणि छोटा आरसा किंवा बोरस्कोप (आत घालून पाहायची बारीक दुर्बीण) लागतो. सरळ टॉर्च मारून तळ दिसतो, पण भिंती आणि खांद्याची आतली बाजू दिसत नाही. पातळ, एकसारखी तांबूस झाक म्हणजे वरवरचा गंज; चाचणीनंतर नीट न वाळवलेल्या टाकीत तो हमखास दिसतो आणि सहसा निघून जातो. काळा, चिकट थर दिसला तर पाणी बराच काळ साचलेलं होतं आणि ऑक्सिजन कमी पडत होता, असं समजा. गंजायला ऑक्सिजन लागतो आणि तो टाकीतल्या हवेतूनच घेतला जातो. दाबाखालच्या हवेत ही क्रिया जोरात चालते. पाणी शिरलेली भरलेली टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली, तर तिच्यातल्या हवेत श्वासाला पुरेसा ऑक्सिजन उरलेला नसू शकतो. अशा टाकीची हवा तपासल्याशिवाय श्वासासाठी घेऊ नये.

गंजाची जागासुद्धा बोलते. टाकी आडवी ठेवली असेल तर पाणी बाजूच्या भिंतीवर लांब रेषेत साचतं आणि खड्ड्यांची ओळ तयार होते. ही सर्वांत वाईट जागा, कारण भिंत टाकीचा सर्वांत पातळ भाग आहे आणि ओळीतले खड्डे एकमेकांना जोडून पत्रा लांबीला कमकुवत करतात. उभी ठेवलेल्या टाकीत पाणी तळाशी बसतं, तिथे पत्रा जाड असतो. लांब मुक्कामासाठी स्टीलची टाकी उभी ठेवायची ती याचसाठी.

गंज असेल तर चाचणीआधी टाकी घासून घ्यावी लागते, कारण खड्ड्याची खोली गंजाखाली झाकलेली असते. सिरॅमिक किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे खडे, पाणी आणि गंजरोधक साबण घालून टाकी सुमारे अर्धी भरतात आणि रोलरवर काही तास फिरवतात. मग गरम पाण्याने धुऊन लगेच गरम कोरडी हवा सोडतात आणि पुन्हा आत पाहतात. उरलेल्या पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक मापकाने मोजता येते. ती त्या टाकीच्या ठरलेल्या किमान जाडीखाली गेली असेल तर विषय संपला. अॅसिडने गंज काढण्याचा मोह टाळावा. त्याचा अंश खड्ड्यांत राहतो आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन मजबूत स्टीलला ठिसूळ करू शकतो.

मानेचे आटे स्वच्छ करून गेजने तपासा. स्कूबामध्ये पाऊण इंची एनपीएसएम (इंची मापाचा) आणि एम२५ गुणिले २ (मिलीमीटर मापाचा) हे दोन आटे सर्रास आढळतात, आणि ते दिसायला इतके सारखे आहेत की एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण पकड अपुरी असते आणि दाबाखाली तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. मान आणि व्हॉल्व्ह दोन्हींवरची खूण वाचल्याशिवाय जोडी लावू नये. अॅल्युमिनियमच्या काही जुन्या टाक्यांच्या मानेला भेगांसाठी एडी करंट (धातूत विजेचे प्रवाह उठवून करायची) तपासणी लागते. ती ६३५१ या मिश्रधातूची अडचण आहे, स्टीलला ती तपासणी लागत नाही.

जॅकेटमधली चाचणी

दाब देण्यासाठी पाणीच का? पाणी जवळपास दबत नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. बारा लिटरची टाकी २५९ बारवर हवेने भरलेली असताना फुटली, तर सुटणारी ऊर्जा पाण्याच्या तुलनेत दोनशे पटींहून जास्त असते. पाण्याने भरलेली टाकी फुटली तर एक दणका बसतो आणि दाब तिथेच संपतो.

पाण्याने भरलेली टाकी एका जाड, पाण्याने भरलेल्या बंद पिंपात म्हणजे जॅकेटमध्ये सोडतात. टाकी फुगली की जॅकेटमधलं तेवढंच पाणी बाहेर ढकललं जातं आणि मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळीत, ब्युरेटमध्ये, चढतं. नव्या यंत्रांत ब्युरेटऐवजी वजनकाटा असतो, तत्त्व तेच. या पद्धतीची खुबी अशी की पंपाने आत किती पाणी ढकललं याच्याशी मोजमापाला देणंघेणं नाही. बारा लिटर पाणी २५९ बारखाली स्वतःच सुमारे १४० मिलीलिटर आकसतं, तर टाकी फुगते साधारण ६५ मिलीलिटर. जॅकेटशिवाय थेट पंपाचं पाणी मोजायचं ठरवलं, तर खऱ्या आकड्याच्या दुपटीहून मोठी दुरुस्ती वजा करावी लागते आणि तीत चूक व्हायला भरपूर वाव राहतो.

दिवसाची पहिली टाकी लावण्याआधी यंत्राची परीक्षा होते. कोणत्या दाबाला किती फुगतो हे प्रमाणपत्रावर लिहिलेला एक खास सिलिंडर जॅकेटमध्ये लावतात. यंत्राने दाखवलेला आकडा त्या लिहिलेल्या आकड्याच्या एक टक्क्याच्या आत यायला हवा आणि दाब सोडल्यावर ब्युरेट शून्यावर परत यायला हवी. आली नाही, तर दोष टाकीत नाही, यंत्रात आहे, आणि तो काढल्याशिवाय एकही टाकी तपासायची नाही. केंद्र निवडताना ‘आजचं कॅलिब्रेशन दाखवता का’ एवढं विचारा. चांगलं केंद्र वही पुढे करतं.

मग टाकी. ती काठोकाठ पाण्याने भरून जॅकेटच्या शेजारीच ठेवावी, शक्यतो रात्रभर, म्हणजे टाकी, तिच्यातलं पाणी आणि जॅकेटचं पाणी एकाच तापमानाला येतात. घाईची केंद्रं ही पायरी गाळतात, आणि सर्वांत जास्त खोटे आकडे इथेच जन्मतात. जॅकेटमध्ये टाकीभोवती साठ लिटर पाणी असेल आणि त्याचं तापमान चाचणीच्या मिनिटभरात अंशाच्या फक्त दहाव्या भागाने बदललं, तरी ब्युरेट सुमारे १.२ मिलीलिटर हलते. अर्धा अंश बदल म्हणजे सहा मिलीलिटर, आणि ६६ मिलीलिटर फुगणाऱ्या टाकीची कायम प्रसरणाची सगळी मुभाच ६.६ मिलीलिटर आहे. नळाचं गार पाणी भरून थेट जॅकेटमध्ये सोडलेल्या टाकीचा निकाल तापमान ठरवतं, स्टील नव्हे.

टाकी झाकणाच्या अडॅप्टरला जोडून जॅकेटमध्ये उतरवा, झाकण बसवा, हवेची तोटी उघडून जॅकेटमधली हवा पूर्ण निघू द्या. भिंतीवर हलके ठोकून चिकटलेले बुडबुडे सुटे करा. ब्युरेट शून्यावर आणून अर्धा-एक मिनिट नुसती पाहत राहा. काहीच न करता पातळी सरकत असेल, तर तापमान अजून जुळलेलं नाही. थांबा.

यानंतर बरेच परीक्षक दाब आधी चाचणीदाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत नेऊन थोडा धरतात आणि सोडतात. सांधे बसतात, गळती कळते, अडकलेली हवा सुटते. पण ९० टक्क्यांची रेषा इथे ओलांडायची नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. स्टील ज्या दाबाला पहिल्यांदा कायमचं ताणलं जातं, त्याच दाबाला दुसऱ्यांदा नेलं तर ते फार कमी ताणलं जातं. आधीच पूर्ण दाब देऊन टाकला, तर खरं कायम प्रसरण त्या न नोंदलेल्या फेरीतच होऊन जातं आणि अधिकृत फेरीत वाईट टाकीही चांगली दिसते.

आता मुख्य फेरी. दाब सावकाश, अखंड चाचणीदाबापर्यंत न्या. किमान तीस सेकंद धरा, आणि तीस सेकंदांनंतरही ब्युरेट चढत असेल तर ती थांबेपर्यंत. थांबली की तो आकडा म्हणजे एकूण प्रसरण. दाब पूर्ण सोडा, पातळी स्थिरावू द्या आणि वाचा: हे कायम प्रसरण. दोन्ही आकडे, दाब, तारीख, टाकीचा क्रमांक आणि निकाल तिथल्या तिथे वहीत गेले पाहिजेत.

मधेच यंत्र बंद पडलं किंवा सांधा सुटून दाब टिकला नाही, तर अमेरिकी नियम पुन्हा चाचणी करू देतो, पण दाब दहा टक्के किंवा १०० पीएसआय यांतलं जे कमी तेवढा वाढवून. ३७५० च्या चाचणीला ते ३८५० होतं. वाढवायचा तो वर सांगितलेल्या कारणासाठीच: स्टील आधी पोचलं होतं त्याच्या पुढे जायला हवं. ही सवलत यंत्राच्या बिघाडासाठी आहे, नापास झालेल्या टाकीला दुसरी संधी म्हणून नव्हे.

तीन टाक्या, तीन निकाल

कायम प्रसरणाला एकूण प्रसरणाने भागून टक्के काढायचे. ३एए टाकीला ही मर्यादा दहा टक्के. लवचीक प्रसरण म्हणजे एकूणमधून कायम वजा. उत्पादक प्रत्येक नमुन्यासाठी लवचीक प्रसरणाची वरची मर्यादा ठरवतो, तिला ‘आरईई’ म्हणतात, आणि बऱ्याच नव्या टाक्यांच्या खांद्यावर ती कोरलेली असते. समजा एका नमुन्याची आरईई ६६.५ मिलीलिटर आहे.

पहिली टाकी: एकूण ६६.०, कायम २.०. प्रमाण ३ टक्के, लवचीक ६४.० मिलीलिटर. पास, आणि अधिकच्या चिन्हालाही पात्र.

दुसरी: एकूण ७२.४, कायम २.१. प्रमाण २.९ टक्के, पहिलीपेक्षाही चांगलं. पण लवचीक ७०.३, म्हणजे आरईईच्या वर. मूळ दाबासाठी ती पास होते, अधिकचं चिन्ह मिळत नाही. हा आकडा पत्रा पातळ झाल्याचं सांगतो, म्हणून तिच्या आतल्या भिंती पुन्हा बारकाईने पाहाव्यात आणि जाडी मोजावी. फक्त टक्के पाहणारा परीक्षक या टाकीला तिघींत सर्वांत निरोगी समजला असता.

तिसरी: एकूण ७८.०, कायम ९.४. प्रमाण १२ टक्के. बाद.

आकडे विचित्र आले तर

ब्युरेट शून्याच्या खाली गेली, म्हणजे टाकी सुरुवातीपेक्षा लहान झाली असा अर्थ निघतो, जे शक्य नाही. जॅकेटचं पाणी थंड होत होतं किंवा एखादा बुडबुडा निसटला, हीच शक्यता. हा निकाल ‘शून्य’ म्हणून लिहून टाकण्याची सवय धोक्याची आहे, कारण त्याच थंडाव्याने पुढच्या टाकीचं खरं कायम प्रसरण झाकलं जाईल.

दाब धरून ठेवला असताना ब्युरेट संथ, अखंड चढतेच आहे आणि पंपाला अधूनमधून दाब भरावा लागतोय, तर अडॅप्टरचा सांधा जॅकेटच्या आत गळतोय. गळलेलं पाणी टाकीच्या फुगण्यात मिसळतं आणि कायम प्रसरण फुगवून दाखवतं. ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारं रबरी कडं, बदलायची. दाब घसरतोय पण ब्युरेट चढत नाही, तर गळती जॅकेटच्या बाहेर पंपाच्या नळीत किंवा तोटीत आहे. ब्युरेट चढायची थांबतच नाही, गळतीही नाही आणि तापमानही स्थिर आहे, तर स्टील कायमचं ताणलं जाऊ लागलं आहे. दाब सोडा आणि अंतर ठेवा.

पाण्याने भरताना टाकीत हवा उरली तर आकड्यावर फारसा परिणाम होत नाही, पण पंप जास्त वेळ चालवावा लागतो आणि टाकीत उगाच ऊर्जा साठते. काठोकाठ भरायचं ते त्यासाठी.

ठसा

अमेरिकी पद्धतीच्या ठशात डावीकडे महिना, उजवीकडे वर्ष आणि मधे केंद्राचा चार अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक चौकोनात असतो. तो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचतात, ओळीने नव्हे. तारखेचे आकडे किमान पाव इंच आणि ओळखक्रमांकाची अक्षरं किमान एक-अष्टमांश इंच उंच हवीत. अधिकचा अधिकार मिळाला असेल तर वर्षापुढे चिन्ह. ठसा फक्त खांद्याच्या जाड भागावर मारायचा. बाजूच्या भिंतीवर मारलेला ठसा हीच एक इजा आहे. जुने ठसे खोडायचे नाहीत. टाकीचा इतिहास त्यांत आहे.

बाद टाकीच्या खांद्यावर ‘डीओटी ३एए’सारखी बनावटीची खूण आणि दाब फुल्यांनी खोडतात किंवा ‘बाद’ अर्थाचा शिक्का मारतात. मालकाने सांगितलं तर ती दाब धरूच शकणार नाही अशी निकामीही करून देतात, आणि मालकाने तसं सांगावं हेच बरं. खोडलेली टाकी कोपऱ्यात पडून राहिली की कुणीतरी कधीतरी तिला रंग देतंच.

केंद्रातून टाकी घेताना ठशाबरोबर कागदही घ्या: एकूण, कायम आणि लवचीक प्रसरण, तिन्ही आकडे मागा. पाच वर्षांनी पुढच्या चाचणीत लवचीक प्रसरण दोन-चार मिलीलिटरने वाढलेलं दिसलं, तर पत्रा झिजतोय हे आरईई ओलांडण्याच्या आधीच कळतं.

वाळवणं, व्हॉल्व्ह आणि पहिली भरती

पाणी ओतून टाकल्यावर उघड्या स्टीलवर गंज चढायला फार वेळ लागत नाही. टाकी उलटी धरून निथळवा आणि तळापर्यंत पोचणाऱ्या नळीतून गरम, कोरडी, तेलविरहित हवा सोडा. नुसती मानेपाशी हवा मारून तळ वाळत नाही. टाकी हाताला कोमट लागू लागली की दिवा आत घालून पाहा. ओलसर चमक कुठेही दिसली तर पुन्हा हवा.

व्हॉल्व्हची मानेतली ओ-रिंग नवी घाला. बर्स्ट डिस्क असेल तर तिचा पूर्ण संच बदला, आणि तिचा दाब टाकीच्या चाचणीदाबाशी ताडून घ्या. दुसऱ्या टाकीची मजबूत डिस्क लावली तर ती संरक्षणच देत नाही. टाकीत ऑक्सिजन मिसळून नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) बनवणार असाल तर आतून ऑक्सिजनसाठीची सफाई करून ऑक्सिजनला चालणारंच वंगण वापरा, साधं सिलिकॉन ग्रीस नको. व्हॉल्व्हच्या खालची छोटी नळी काढून टाकू नका. टाकी उलटी झाली तर गंजाचे कण आणि पाणी थेट रेग्युलेटरमध्ये (डायव्हरला श्वासाची हवा पुरवणाऱ्या यंत्रात) जाण्यापासून तीच अडवते. आटे हाताने शेवटपर्यंत बसवून मग व्हॉल्व्हच्या उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळा.

पहिली भरती सावकाश करा, मानेभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा, आणि टाकी रात्रभर तशीच ठेवून सकाळी त्याच तापमानाला गेजवर दाब पुन्हा वाचा.